व्होकल फ्राय करताय? आधी या चुका टाळा

आमच्या पार्ल्याच्या क्लासच्या दाराबाहेर चपला काढायला दोन लाद्यांची जागा आहे. शनिवारी संध्याकाळी तिथून एकच आवाज येत असतो. घर्रर्र, कर्रर्र, मध्ये एक खोकला, पुन्हा घर्रर्र. पुढची बॅच आत यायची वाट बघत गळा ‘तयार’ करत असते. शेजारच्या काकूंनी एकदा दार किलकिलं करून विचारलं, "मांजर आजारी आहे का हो तुमची?"

मांजर नाही काकू, व्होकल फ्राय.

हल्ली दर दुसरा नवा विद्यार्थी हे घेऊनच येतो. आपली पट्टी कोणती ते माहीत नसतं, ‘सा’ चार सेकंद टिकत नाही, पण फ्राय येतो. कुठे शिकलास? फोनवर. किती वेळ करतोस? रोज अर्धा तास. कशासाठी? इथे मात्र शांतता. मला फ्रायचं वावडं नाही. मी स्वतः तो शिकवते, स्वतः करते. पण त्याच त्याच चुका इतक्यांदा निस्तरल्यात की आता एकदा लिहूनच ठेवते. पुढच्या वेळी बोलून माझा घसा नको बसायला.

तर हा आवाज म्हणजे काय? सकाळी अंथरुणातून फोन उचलला की ‘हॅलो’च्या शेपटाला जी करकर येते, तोच फ्राय. त्या वेळी स्वरतंतू आखूड, जाड आणि ढिले असतात, खालून हवा अगदी थोडी येते, आणि ते सलग न थरथरता एकेक बुडबुडा सोडल्यासारखे उघडतात-मिटतात. सेकंदाला साधारण ७० पेक्षा कमी वेळा. इतक्या सावकाशीत कानाला सूर ऐकू येत नाही, सुटे ठोके ऐकू येतात. सिग्नलला उभी रिक्षा फट्-फट्-फट् करते आणि रिक्षावाल्याने मूठ पिळली की त्याच ठोक्यांचा सलग ‘घूंऽ’ होतो, तसंच हे.

उपयोग काय, तर कमी हवेत आणि बिनजोर स्वरतंतू अलगद जवळ येतात. ज्याच्या आवाजात हवा फार, म्हणजे ‘सा’च्या आधी ‘ह्’ निघतो, त्याला याचा फायदा होतो. आणि ज्याचा सूर दगड मारल्यासारखा लागतो, त्यालाही होतो. स्पीच थेरपीतसुद्धा काही रुग्णांना याच कारणासाठी हा आवाज काढायला लावतात. यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. तार सप्तक, म्हणजे वरचे सूर, याने उघडत नाहीत, आवाज ‘भारदस्त’ होत नाही, आणि घसा ‘तापत’ तर मुळीच नाही.

"फ्राय म्हणजे आपला खर्जच की!"

हे वाक्य ऐकलं की माझा तानपुरा आपोआप उतरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ज्ञानात हे पक्कं बसलंय की खर्ज आपला, तो परदेशी लोकांनी उचलला आणि त्याला इंग्रजी नाव दिलं. छाती फुगवायला बरं आहे, पण आहे चूक. खर्ज हा शब्द षड्जावरून आला. खर्ज सूर आहे, अगदी खालचा. त्याला पट्टी असते, तो तानपुऱ्यात विरघळतो. धृपदवाले पहाटे मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात बसतात ते सुरात बसतात. फ्रायला सूरच नसतो, तो कुठे विरघळणार?

जरा आकडे बघा, म्हणजे गोंधळ कुठे होतो ते कळेल. पुरुष काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) गात असेल तर त्याचा मध्य सा सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा. मंद्र प १०४, मंद्र म ९२, मंद्र ग ८७, आणि मंद्र सा ६९. बऱ्याच पुरुषांचा खराखुरा सूर म-गच्या आसपास धापा टाकायला लागतो. रेच्या खाली जाताना सूर संपतो आणि ठोके सुरू होतात, पण आवाज येतच राहतो. म्हणून गाणाऱ्याला वाटतं की आपण अजून गातोय. बायकांचं तर विचारूच नका. काळी चारला मध्य सा २०८ चा, म्हणजे मंद्र सा १०४ चा. हा सूर पुरुषाला सहज, आपल्यातल्या बहुतेकींना नाही. तरी "ताई, माझा मंद्र सा लागतो" सांगणारी मुलगी मला महिन्याला एक तरी भेटते.

ठाण्याची एक इंजिनीअरिंगची मुलगी आली होती. हुशार, मेहनती, विशारदच्या तयारीत. तिने मंद्र सा लावून दाखवला. डोळे मिटून, तन्मयतेने. मी तिच्याच फोनवर ट्यूनर उघडला आणि समोर धरला. मध्य साला काटा हिरव्यात स्थिर. नि, ध, प, ठीक. ‘म’ला थोडा हलायला लागला. ‘ग’ला काटा एकदम डावीकडे गेला, तिथून उजवीकडे, मग स्क्रीन रिकामी. ती डोळे उघडून बघते तर काटाच नाही. म्हणाली, "अ‍ॅप खराब आहे." मी म्हटलं, "अ‍ॅपला सूर ऐकायचाय गं, तू त्याला भुईमुगाच्या शेंगा फोडून देतेयस." आठ महिने रोज पाऊण तास ती खर्ज समजून फ्राय करत होती. नुकसान फार नव्हतं, कारण ती हळू करायची. पण आठ महिन्यांत एकही खालचा सूर मिळाला नव्हता, आणि मधला सा मात्र करकरीतूनच सुरू व्हायची सवय लागली होती. ती सवय मोडायला पुढचे चार महिने गेले. विशारद सहा महिने पुढे.

माझी रीत अशी. तानपुरा लावायचा, आकारात सावकाश खाली उतरायचं, आणि जिथे पहिला ठोका सुटा ऐकू येईल तिथे थांबायचं. मग एक स्वर वर यायचं. खर्जाचा रियाज तिथे. आज मंद्र म असेल तर म. सहा महिन्यांनी ग झाला तर पेढे आणा, नाही झाला तरी क्लासला या. फ्रायचा रियाज वेगळा, वेगळ्या वेळी, घड्याळ लावून. दोन्हींची खिचडी केली की ना खर्ज मिळतो ना फ्राय.

जोर लावणं

फ्राय हा कमीत कमी करण्याचा व्यायाम आहे. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं, कुणीतरी त्याच्याखाली ‘किती सेट ताई?’ असं लिहिलं. आता काय बोलायचं! जिमवाल्या पिढीला ‘कमी’ हा शब्द कमीपणाचा वाटतो.

खरा फ्राय इतका बारीक असतो की खोलीत पंखा चालू असेल तर तीन फुटांवरच्या माणसाला ऐकू येऊ नये. तो मोठा करायला गेलात की दोन गोष्टी होतात. एक, खालून हवेचा दाब वाढतो आणि ढिले पडलेले तंतू एकमेकांवर आपटायला लागतात. दोन, खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे मांसल पडदे असतात, खोटे स्वरतंतू म्हणतात त्यांना, ते मदतीला धावून येतात आणि आवळतात. मग जो आवाज निघतो तो गुरगुराट. ऐकायला जबरदस्त, पण तो फ्राय नव्हे.

बदलापूरचा एक मुलगा आहे माझ्याकडे. फोर्टात नोकरी, पहाटेची लोकल, रविवारी क्लासला पार्ल्यात. अशा मुलांचं मला कौतुक वाटतं, म्हणून त्याच्यावर ओरडताना जीव वर येतो. तीन आठवडे बघत होते, आवाज खरखरीत होत चालला होता. सर्दी नाही, खोकला नाही, तिखट खात नाही. रियाज किती? "ताई, तुम्ही सांगितलंत तेवढाच. पाच मिनिटं फ्राय." बरं, कुठे करतोस? "गाडीत. बदलापूरला बसायला मिळतं ना, मग वेळ वाया कशाला घालवायचा."

आणि डबा कुठला? भजनी मंडळाचा! पखवाज, टाळ, डब्याच्या पत्र्यावर ठेका, आणि त्या सगळ्यात कोपऱ्यात हा डोळे मिटून फ्राय करतोय. स्वतःचा आवाज ऐकू यायला हवा म्हणून तो वाढवत नेत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. यात त्याचा गुन्हा नाही. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये तो मांडला. लोकलमध्ये फोनवर बोलणारा प्रत्येक माणूस त्याचं प्रात्यक्षिक देत असतो. शिवाय ‘पाच मिनिटं’ हे अंबरनाथला संपायला हवे होते, ते ठाण्यापर्यंत चालायचे. मोजायला घड्याळ नाही, स्टेशनं.

तेव्हापासून माझा नियम, फ्राय बंद खोलीत, शांततेत. मुंबईत शांतता कुठे मिळते असं विचारू नका, ज्याला हवी त्याला बाथरूममध्ये मिळते. पण बाथरूमचंही एक आहे. तिथे आवाज घुमतो, छान वाटतं, आणि छान वाटलं की माणूस लांबवतो. मी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून आत तोंड घालून करते. कपडे आवाज पितात, ऐकायला काही मजा येत नाही, म्हणून दोन मिनिटांत कंटाळा येतो. फ्रायला कंटाळाच यायला हवा. घरचे हसतात, हसोत.

बसलेल्या आवाजावर फ्राय, आणि ‘आज खर्ज काय लागलाय!’

या चुकीबद्दल मला सर्वात जास्त बोलायचंय, कारण ती मी केली आहे.

मी सव्विशीत होते. गणपतीचे दहा दिवस, रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मंडळात कार्यक्रम, माइक कधी चालणार कधी शिट्टी मारणार, आणि घरी आरत्या. आरती हा प्रकार गाणाऱ्या माणसाने जपून करावा. पट्टी कुणीतरी काकांनी ठरवलेली असते, ती आपली नसते, आणि झांजांच्या वर आवाज काढायचा असतो. अनंत चतुर्दशीला रात्रभर रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, सहज खाली उतरून बघितलं, तर मंद्र म. मग ग. माझ्या आयुष्यात मंद्र ग लागला नव्हता. आणि लागला तो असा भरीव, गोल, की मला वाटलं दहा दिवसांच्या मेहनतीचं देवाने दिलं. फ्राय हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, पण त्याच्याही खाली जी करकर होती ती मी अर्धा तास मजेने करत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आमच्या गाण्याच्या बाईंकडे गेले आणि दाराशीच सांगितलं, "बाई, खर्ज मिळाला."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. खर्ज ऐकायला मागितलाच नाही. म्हणाल्या, "तार सा लाव. अगदी हळू. शेजारी मूल झोपलंय असं समज."

मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा लावला. हवा, मग एकदम झटका बसून फाटका सूर. जोरात लावला तर लागत होता, हळू लागत नव्हता. बाई एवढंच म्हणाल्या, "सुजलाय. घरी जा, तोंड बंद."

गंमत अशी आहे, की तंबोऱ्याची तार जाड केली की सूर खाली जातो. सुजलेले स्वरतंतू जड असतात, जड वस्तू सावकाश हलते, म्हणून खालचे सूर फुकटात मिळतात. सकाळी उठल्यावर आवाज खाली असतो त्यातही थोडा हाच भाग आहे. पण तीच सूज वरच्या बारीक सुराला कडा जुळू देत नाही. म्हणजे खाली मिळतंय आणि वर हरवतंय. ही प्रगती नव्हे, हे बिल आहे.

डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, दोन्ही कडांना सूज. (हा आरशाचा उद्योग सुरू केला तो एका गाणं शिकवणाऱ्याने, बरं का. मॅन्युएल गार्सिया. १८५४ साली दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि उन्हाची तिरीप वापरून त्याने स्वतःचे हलणारे स्वरतंतू पाहिले. आमच्या जातीत एवढी तरी अक्कल होती एकेकाळी.) तीन आठवडे गाणं बंद, पहिला आठवडा बोलणंही जवळजवळ बंद. नवरात्रातले दोन कार्यक्रम सोडले. त्यातला एक पुढच्या वर्षी परत मिळाला, दुसरा कधीच नाही.

आता दरवर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर सकाळी सातला व्हॉइस नोट येते. "ताई, ऐका, मंद्र सा!" सोबत तीन आगीचे इमोजी. मी उत्तर पाठवते, "तार सा पाठव, हळू." मग दिवसभर काही येत नाही.

म्हणून माझ्याकडे फ्राय करायच्या आधी एक परीक्षा असते, रोज, अपवाद नाही. तार सप्तकात जिथपर्यंत आपण सहज जातो तिथे जायचं आणि ‘सा रे ग रे सा’ इतकं हळू म्हणायचं की भिंतीपलीकडे कळू नये. सूर लगेच लागला, तर पुढे चला. आधी हवा सुटली, किंवा हळू लागतच नाही आणि जोर दिल्यावर लागतो, तर त्या दिवशी फ्राय नाही, खर्ज नाही, तानाही नाहीत. जाऊन कपडे वाळत घाला. काल लागत होता आणि आज लागत नाही, हे जास्त महत्त्वाचं. शेजारणीचा किती वर लागतो याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही.

बाकीच्या, पटापट

हनुवटी छातीत खुपसू नका, खालचा आवाज खाली वाकून मिळत नाही. जीभ घशात ओढून ‘पुरुषी’ आवाज काढणं म्हणजे फ्राय नव्हे, ती नक्कल. सुरुवातीला खाकरून घसा ‘साफ’ करू नका, एक खाकरणं म्हणजे तंतूंची एक टक्कर. पाण्याचा घोट घ्या, गिळा, झालं. आवाज फुटत असलेल्या मुलांनी फ्रायच्या भानगडीत पडू नये. त्यांचा गळा रोज वेगळा असतो, त्याला राहू द्या. मेटल संगीतवाल्यांचं ‘फ्राय स्क्रीम’ ही वेगळी विद्या आहे. ते शिकायचं तर ते शिकवणाऱ्याकडे जा, माझ्याकडे नको आणि फोनकडे तर नकोच. दिवसभर करकरत बोलायची सवय लावून घेऊ नका. कॉर्पोरेटवाल्या मुली वाक्याच्या शेवटी करतात ते. बोलणं मोडल्यासारखं वाटतं आणि व्यायामाची धारही जाते. घसा दुखत असताना बधिर करणारा स्प्रे मारून रियाज करणं म्हणजे धुराची घंटा बंद करून स्वयंपाक करणं. आणि कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. गप्प बसणं ही विश्रांती.

ज्येष्ठमधाबद्दल वाद घालायला येऊ नका. मीही चघळते, आईने लावलेली सवय आहे. पण गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंवरून जात नाही. गेली असती तर ठसका लागला असता. ज्येष्ठमध, मध, कोमट पाणी, हळदीचं दूध, सगळं मागच्या बाजूने अन्ननलिकेत जातं. घशाला बरं वाटतं, तेवढंच. स्वरतंतूंपर्यंत पोचते ती वाफ. पाणीही पोचतं, पण शरीरभर फिरून. म्हणून कार्यक्रमाआधी पाच मिनिटं अर्धी बाटली रिचवून काही होत नाही, सकाळपासून प्यावं लागतं. मुंबईची हवा दमट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तुम्ही दिवसाचे दहा तास एसीत असता. आणि रात्री साडेअकराला वडापाव खाऊन आडवं व्हायचं, मग सकाळी घशात गोळा, तोंड आंबट, आणि म्हणायचं ‘फ्रायने घसा बसला’! तो फ्रायने नाही, पोटातल्या आम्लाने बसला.

मी कशी करते

हा काही जगन्मान्य क्रम नाही, माझी खोड आहे. आधी ती हळू तार साची परीक्षा. मग स्ट्रॉ. ग्लासात पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडवायचं आणि ‘ऊऽ’ करत बुडबुडे काढायचे, दोन मिनिटं. पुढून थोडा अडथळा आला की तंतू एकमेकांवर आपटत नाहीत, ही त्यातली मेख. प्लास्टिकबंदीनंतर कागदी स्ट्रॉ आले, ते तिसऱ्या बुडबुड्याला लोळागोळा होतात, म्हणून स्टीलचा घेतलाय. मग तोंड मिटून ‘म्’ची गुणगुण, मधल्या पट्टीत.

मग फ्राय. खांदे पडू द्यायचे, जबडा बसमध्ये झोप लागल्यासारखा सैल. एक उसासा सोडायचा आणि उसाशाच्या शेवटी, हवा संपत आलेली असताना, त्यात करकर येऊ द्यायची. यायची तर येईल, ओढायची नाही. पाच सेकंद. थांबायचं, श्वास. असं पाच-सहा वेळा, बस. ठोके सावकाश आणि सुटे ऐकू आले पाहिजेत, टप टप टप, गळक्या नळासारखे. ते एकदम दाट व्हायला लागले तर तुम्ही जोर लावताय. घशात काहीही जाणवलं, म्हणजे खाज, कोरड, ओढ, टोचणी, की त्या क्षणी बंद. ‘एवढं तर होणारच’ म्हणणारा गुरू सोडा.

आणि ज्यासाठी हे सगळं, ते शेवटी. त्या करकरीतूनच, मध्ये न थांबता, अलगद ‘मा’ म्हणत मध्य सावर यायचं. रिक्षाने मूठ पिळली तसं, पण प्रवाशाला धक्का बसू नये अशा बेताने. तो सा कसा लागला ते ऐका. हवा कमी, धक्का नाही, बारीक पण भरलेला, तर आजचा फ्राय कामी आला. तीन-चारदा असा सा लागला की करकर सोडून द्यायची आणि सा थेट लावायचा, नाहीतर त्या ठाण्याच्या मुलीसारखी गत होते. फ्राय स्वतः कसा वाटला याची चर्चा माझ्या क्लासात करायला बंदी आहे.

घाईवाल्यांसाठी एक हिशोब. काळी चारचा मध्य सा सलग दहा मिनिटं धरलात, तर तुमचे स्वरतंतू एकमेकांना सव्वा लाख वेळा भेटतात. २०८ गुणिले ६००, करून बघा. अर्ध्या तासाच्या चुकीच्या रियाजाला म्हणूनच ‘थोडंसं’ म्हणत नाहीत.

डॉक्टरकडे कधी

खरखर दोन-तीन आठवडे उतरत नसेल, सर्दी जाऊनही आवाज परत आला नसेल, बोलताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं, किंवा गाताना आवाज एकाएकी गेला, तर कान-नाक-घसावाल्याकडे जा. रक्त दिसलं किंवा आवाज एकाएकी गेला तर त्याच दिवशी. ओरडून घसा ताणलाय आणि डोकंही दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊन स्टेजवर चढू नका, स्वरतंतूत रक्त उतरायचा धोका वाढतो. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्हीकडे कान-नाक-घशाचा विभाग आहे. नायरला वाचा-उपचार शिकवणारा विभागही आहे, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था आहे. ओपीडीत सकाळ जाते, जाऊ द्या. ‘मी गातो’ हे आधी सांगा आणि स्ट्रोबोस्कोपी करता येईल का विचारा. तिच्यात तंतूंचं थरथरणं सावकाश केल्यासारखं दिसतं, साध्या दुर्बिणीत न दिसणारी बारीक गाठ त्यात सापडू शकते. गाठ निघाली म्हणजे ऑपरेशनच, असं नसतं. गाणाऱ्यांना होणाऱ्या साध्या गाठी बऱ्याचदा आवाजाच्या विश्रांतीने आणि थेरपीने उतरतात. घाबरून घरी बसणारे लोक मी जास्त बघितलेत, आणि त्यांचं नुकसानही जास्त झालेलं बघितलंय.

बदलापूरच्या त्या मुलाला मी सहा आठवडे फ्राय बंद केला. फक्त स्ट्रॉ आणि गुणगुण, तेही घरी. तार सा परत हळू लागायला लागला तेव्हा रविवारी पेढे घेऊन आला, मी सांगितलं नव्हतं तरी. गाडीत आता काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, "झोपतो ताई. भजनवाले ठाण्याला टाळ वाजवून उठवतात."